हवेत मारलेलं अत्तर

काल कूलरला नवी खस बसवली. बसवणारा म्हणाला, "मैडम, चला के देख लो." मी बटण दाबलं, पंप गुरगुरला, खसेवरून पाणी उतरायला लागलं आणि पहिली ओलसर झुळूक तोंडावर आली. बास, चैत्र आला. पंचांगात तो आधीच आलेला असतो, पण ग्वाल्हेरात हरिशंकरपुरमच्या आमच्या घरात तो कूलरमधूनच येतो. तिकडे महाराष्ट्रात म्हणे या मुळांना वाळा म्हणतात. मीही वर्गात वनस्पतिशास्त्र शिकवताना वाळाच म्हणते, अर्थात मनातल्या मनात, कारण वर्ग हिंदीत चालतो. घरी मात्र खस. वाळा म्हटलं की मला काही वासच येत नाही.

चैत्राचे वास मोजायला बसले तर बोटं पुरायची नाहीत. उकडलेल्या कैरीचा, पन्ह्यातल्या वेलदोड्याचा, भिजवलेल्या हरभऱ्यांचा, डाळीवर ओतलेल्या हिंगाच्या फोडणीचा. गौर तिजेला पाळण्यात बसते ती थेट अक्षय्य तृतीयेपर्यंत, आणि महिनाभर आमच्या ग्वाल्हेरातल्या मराठी बायका एकमेकींच्या घरी हळदीकुंकवाला जातात. बेचाळीस डिग्रीत, जरीच्या साड्या नेसून, ई-रिक्षात दाटीवाटीनं बसून. घरात शिरल्या शिरल्या आधी कूलरसमोर उभ्या राहतात आणि मग गौरीसमोर. हळद लागते, कुंकू लागतं, गुलाबदाणीतून गुलाबपाणी शिंपडलं जातं आणि शेवटी मनगटाच्या मागच्या बाजूला अत्तराचा एक थंड ठिपका. लहानपणी मी तो ठिपका रात्री झोपताना उशीवर घासून ठेवायची. सकाळी उशीला तेलाचाच वास यायचा, पण मी दर वर्षी घासायचीच.

मी लग्न केलं नाही. त्यामुळे हळदीकुंकवाच्या हिशोबानं मी अजून कुमारिकाच. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, चष्मा, गुडघेदुखी आणि कॉलेजातल्या रीडरच्या पगारासकट कुमारिका. मला हळद मिळते, कुंकू मिळतं, अत्तर तर मिळतंच मिळतं. संसार न केल्याचं हे बक्षीस मला फार दिवस गमतीचं वाटायचं. एका चैत्रात मात्र त्यातली गंमत जरा कमी झाली. त्याच चैत्राबद्दल लिहायचं आहे.

त्या वर्षी मंदाआत्या आमच्याकडे राहायला आलेली होती. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. आतोबांना जाऊन सहा वर्षं झाली होती आणि ती इतके दिवस जुन्या शहरात गोरखीच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत एकटीच राहायची. पायऱ्या चढवेनात तेव्हा बाबा जाऊन तिला घेऊन आले. ती आली आणि तिच्याबरोबर एक ट्रंक, एक शिलाई मशीन आणि भरपूर मतं आली. आई तिला 'वन्सं' म्हणते, ती आईला 'वहिनी', आणि दोघी मिळून बाबांना काहीच म्हणू देत नाहीत.

माझी शाळा गोरखीत होती. मधल्या सुट्टीत मी धावत आत्याकडे जायची. डब्यात काय आहे यापेक्षा मला आत्याच्या पदराला आज कसला वास आहे याची उत्सुकता असायची. सोमवारी मोगरा, एखाद्या दिवशी हिना, उन्हाळ्यात खस. आतोबा रेल्वेच्या ऑफिसात कारकून होते. साधा माणूस, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावणारा. पण अत्तराचा त्यांना भारी शौक. मेळ्यातून, बाजारातून, गावोगावहून ते बोटाएवढ्या बाटल्या आणायचे आणि स्वतः जेमतेम कानात फाया ठेवायचे. बाकी सगळं आत्यासाठी. गणिताच्या पेपरला मी बसले तेव्हा माझ्या फ्रॉकच्या बाहीला केवडा होता. मला गणितात फार कमी मार्क पडले, पण पेपर सुवासिक गेला.

आतोबांच्या तेराव्याला आत्यानं सगळ्या बायकांसमोर अत्तराची लाकडी पेटी आईच्या हातात दिली. "वहिनी, हे तुम्ही ठेवा. आता माझ्या कामाचं नाही." तिला असं करायला कुणीही सांगितलं नव्हतं. ती टिकली लावत राहिली, बांगड्या घालत राहिली, रंगीत साड्या नेसत राहिली आणि पाणीपुरीवाल्याशी भांडून एक जास्तीची पुरी घेत राहिली. सोडलं ते फक्त अत्तर. आणि हळदीकुंकू असलं की ती आपणहून स्वयंपाकघरात जाऊन बसायची. डाळ वाटणं हा माझाच प्रांत आहे, असं म्हणत. डाळ ती खरंच फार छान करते, त्यामुळे कुणाला काही विचारायची गरजच पडायची नाही.

त्याआधीच्या दिवाळीत आमच्या कॉलेजनं सगळ्यांना एकेक खोका भेट दिला होता. त्यात दोन मेणबत्त्या, एक मातीचं कासव आणि एक रूम स्प्रे. जांभळी बाटली, वर कसल्या तरी परदेशी फुलांचं शेत. कासव बाबांनी पुस्तकांवर ठेवलं, मेणबत्त्या लाईट जाण्याची वाट बघत बसल्या आणि स्प्रे गेला मधल्या कपाटावर. पाहुणे येणार असले की मारायला. आमच्याकडे पाहुणे काही रोज येत नाहीत. तरी चैत्र लागेपर्यंत बाटली संपली. मी दुसरी आणली, ती आठवड्यात अर्धी.

"कुणी पिऊन राहिलं आहे का हे?" आईनं बाटली उजेडात धरून विचारलं.

"झाकण ढिलं असेल. उडून जातं ते," बाबा वर्तमानपत्रातून म्हणाले. बाबांच्या मते जगातली प्रत्येक गोष्ट झाकण ढिलं असल्यामुळे बिघडते.

मी प्रयोगशाळेतल्या सवयीनं बाटलीवर पेनानं रेघ मारून ठेवली. चार दिवसांत निष्कर्ष हाती आला. पातळी रोज उतरते, आणि उतरते ती सकाळी मी निघाल्यापासून संध्याकाळी परत येईपर्यंत. साडेचारला आत्या कॉलनीतल्या बागेत जाते, जिथे तिच्या वयाच्या बायका बाकावर बसून सगळ्या हरिशंकरपुरमचा कारभार बघतात. त्याच आठवड्यात समोरच्या शर्माभाभी मला गेटपाशी म्हणाल्या, "आपकी बुआजी जहाँ से निकलती हैं न, ऐसा लगता है अभी-अभी किसी होटल की लिफ्ट खुली है."

एके दिवशी पेपर लवकर तपासून झाले म्हणून मी चारलाच घरी आले. आत्याच्या खोलीचं दार बोटभर उघडं होतं. पंखा पाचवर. आत्यानं हात वर करून स्प्रे छताकडे मारला, एक, दोन, तीन, चार, मग चपळाईनं बाटली खाली ठेवली आणि पंख्याखाली येऊन उभी राहिली. डोळे मिटलेले, पदर दोन्ही हातांनी पसरलेला. सावकाश एक गिरकी घेतली. मग थोडं थांबून, बहुधा पाठीला नीट लागलं नसावं म्हणून, अजून अर्धी. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई. मी पावलं न वाजवता परत फिरले, जिन्यात जाऊन तोंड दाबून हसले आणि हसता हसता मला फार वाईट वाटलं. एवढं आवडतं हिला, आणि हे असं चोरून.

पण चोरून तरी कसं म्हणायचं? तिनं अत्तर लावलेलं नव्हतं. हवेत मारलं होतं. खोलीला. खोलीला वास असू नये असं तेराव्याला तिनं कुठे म्हटलं होतं? आपल्याच शब्दातून अशी बारीकशी फट शोधून ती रोज साडेचारला त्यातून बाहेर पडत होती, आणि मला तिच्या हुशारीचा अभिमानच वाटला. कुणाला काही सांगायचं नाही, असं मी ठरवून टाकलं.

तसं पाहिलं तर घराचा वास अंगावर घेणं आपल्याला नवं कुठे आहे? बाळाला न्हाऊ घातलं की शेगडीवर ओवा, शेपा, ऊद टाकून धुरी देतात. ती धुरी खोलीची की बाळाची? न्हालेले केस आई अजून धूपपात्रावर धरते. ट्रंकेत साड्यांच्या घडीत खसेची जुडी असते आणि माठातही तीच. आमच्या कॉलेजच्या हॉस्टेलमधल्या मुली तर प्रॅक्टिकलच्या सकाळी एका ओळीत उभ्या राहतात आणि एक जण रूम फ्रेशनर घेऊन सगळ्यांवरून फिरते, शेतात औषध मारावं तसं. "मैम, परफ्यूम ख़त्म हो गया था," असं त्या मला सांगतात आणि मी रागावल्यासारखं करते. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला मी स्वतः उदबत्तीच्या धुरावर साडी धरली होती आणि पदराला पडलेलं भोक मुलाखतभर मुठीत लपवलं होतं. नोकरी मिळाली. त्यामुळे या विषयात कुणाला उपदेश करायचा मला अधिकारच नाही.

मग जांभळी बाटली संपली आणि आईनं जाहीर केलं की आता नवी आणायची नाही, फालतूचा खर्च.  दुसऱ्या दिवशी आत्या कोपऱ्यावरच्या दुकानातून स्वतःची स्प्रेची बाटली घेऊन आली. पिवळी, वर चमचमणाऱ्या फरशीचं चित्र, आणि वास लिंबाचा. पण कसलं लिंबू! झाडानं ते कधी पाहिलेलंच नसावं. त्या गुरुवारी भजनात सगळ्या बायका नाक वर करून बसल्या होत्या. "कुणाकडे लोणचं घातलंय का गं?" कुणीतरी विचारलंही. आत्या टाळ वाजवत होती, चेहरा एकदम भक्तीत बुडालेला.

लिंबानं घात केला. आठवड्याभरात आत्याच्या मानेवर, कोपरांच्या आत, मनगटांवर लाल चट्टे उठले. आई आणि मी तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टर तरुण होते, सभ्य होते.

"माताजी, कोई परफ्यूम लगाती हैं?"

"नहीं. मैं क्यों लगाऊँगी?"

"कोई सेंट, डिओ, इत्र?"

"छह साल से हाथ नहीं लगाया."

डॉक्टरांनी पुढे वाकून जरासा वास घेतला. "मगर खुशबू तो आ रही है."

आत्यानं माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि मग भिंतीवरच्या त्वचेच्या थरांच्या चित्राकडे बघत म्हणाली, "वो कमरे में छिड़कती हूँ. अब कमरे में मैं भी तो रहती हूँ."

मला हसू आवरेना. डॉक्टरांनाही आवरेना. आई मात्र हसली नाही. ती आत्याकडे बघतच राहिली, जसं काही आज पहिल्यांदा तिला भेटली आहे. डॉक्टरांनी मलम लिहून दिलं आणि सांगितलं की हे असलं फवारणं आजपासून बंद, ते हवेसाठी असतं, चामडीसाठी नाही. खुशबू हवीच असेल तर सरळ साधं अत्तर लावा, तेही चट्टे गेल्यावर.

सरळ साधं अत्तर. डॉक्टरांना ते किती सोपं वाटलं होतं!

चट्टे चार दिवसांत गेले. पण साडेचार वाजले तरी आत्या उठेना. "गर्मी होऊन राहिली आहे खूप," ती म्हणायची. नाहीतर, "माझ्याशी नाही होत आता." गर्मी तर आधीही होती. बागेतल्या बायका निरोप पाठवायच्या, आत्या मशीनवर बसून उशांचे अभ्रे शिवायची. शिवून शिवून तिनं आमच्या घरात होत्या त्यापेक्षा जास्त अभ्रे शिवले. तिला वासाशिवाय बाहेर पडायचं नव्हतं, आणि वास लावायचा नव्हता. फट बुजली होती. घरात आता कसलाच वास नव्हता आणि मला ते सहन होत नव्हतं.

आमच्याकडचं हळदीकुंकू त्या रविवारी होतं. बैठकीत बायका भरलेल्या, कूलर फुल्ल, गौरीपुढे कलिंगडाचं कमळ. आई हळदीकुंकू लावत होती, मी अत्तर. आईनं मला दिलेली बाटली आत्याच्याच पेटीतली होती, मोगऱ्याची, शेवटची. बाकीच्या चारही या सहा वर्षांत संपल्या होत्या. मी प्रत्येकीच्या मनगटावर ठिपका ठेवत गेले आणि प्रत्येक ठिपक्याला मला गोरखीची मधली सुट्टी आठवत गेली. तळाशी दोन थेंब उरले तेव्हा मी रांग सोडली आणि बाटली घेऊन स्वयंपाकघरात गेले.

आत्या द्रोणात डाळ भरत होती. मी म्हटलं, "हात कर."

तिनं दोन्ही हात पाठीमागे घेतले. पाच वर्षांच्या मुलीसारखे. "मला नको. बाहेर दे कुणाला."

"आत्या, मी काहीही केलं नाही तरी मला मिळतं. तू सेहेचाळीस वर्षं संसार केलास आणि तू इथे डाळ भरत बसतेस? हे कुठल्या शास्त्रात..."

"नीलू," ती शांतपणे म्हणाली, "तुझं भाषण छान आहे. पण ते दे कॉलेजात. मला कुणी अडवलं आहे का? मीच म्हटलं होतं ना, सगळ्यांसमोर. आता कोणत्या तोंडानं लावू? ते आणायचे म्हणून लावायची. आता आणणारंच कुणी नाही."

मी बाटलीला झाकण लावलं. मागे वळले तर दारात आई उभी. हातात पन्ह्याचा रिकामा जग. तिनं सगळं ऐकलेलं होतं. तिनं जग भरला आणि बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना आईनं कप खाली ठेवला. आई कप अर्धा असताना खाली ठेवते तेव्हा बाबा वर्तमानपत्र उचलतात.

"वन्सं, एक बोलायचं होतं. त्या दिवशी तुम्ही पेटी दिलीत ना, तेव्हा मी 'राहू द्या' असं म्हणायला पाहिजे होतं."

"अहो, ते आता कशाला..."

"मी नाही म्हटलं. पटकन घेतली. खरं सांगू? फार चांगलं अत्तर होतं. मला आधीपासूनच हवं होतं." आईचे कान लाल झाले होते. "डॉक्टरकडे मला माहीत पडलं की मी काय घेतलं. मला ते तुम्हाला परत करायचं आहे, पण आता कसं करणार? मी सगळं संपवून टाकलं."

आत्यानं बशीतला चहा संपवला. मग म्हणाली, "पण वहिनी, मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं."

"त्या सगळ्यांपैकी अर्ध्या आता राहिल्या नाहीत," आई म्हणाली, "आणि ज्या राहिल्या आहेत त्यांना ऐकायला येत नाही. चला, साडी बदला."

बाबांनी वर्तमानपत्रातून एवढंच विचारलं, की झाकण घट्ट असलेली बाटली मिळाली तर बघा.

टोपी बाजारात सकाळी अकराला ऊन अजून गल्लीत उतरलेलं नसतं. दुकानांपुढे पाणी शिंपडलेलं, ठोक व्यापाऱ्यांच्या हातगाड्या आडव्या, आणि त्यांच्यामधून आम्ही तिघी एकामागे एक. अत्तरवाल्याचं दुकान जेमतेम एका माणसाच्या मापाचं. एक वयस्कर गृहस्थ मांडी घालून बसलेले, पाठीमागे काचेच्या बाटल्यांच्या रांगा, हिरव्या, पिवळ्या, चहाच्या रंगाच्या. आत्या फळीपासून दोन हात लांब उभी राहिली, जणू आमच्याबरोबर आलेली नाहीच.

"मोगरा दिखाइए," आई म्हणाली.

"घर में छिड़कने का चाहिए, या लगाने का?"

साधा धंद्याचा प्रश्न होता. ते प्रत्येकाला विचारत असतील. एरवी आमच्या घरातल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर आईच देते, प्रश्न तिला विचारलेला नसला तरी. पण त्या दिवशी तिनं ओठ घट्ट मिटले आणि दुकानाच्या छताकडे बघायला लागली. मीही बाटल्यांवरची नावं वाचायला घेतली. एक स्कूटर हॉर्न वाजवत मागून गेली. एक हातगाडी गेली. म्हातारबाबा वाट बघत होते.

"लगाने का," मागून आवाज आला.

"किनके लिए, बहनजी? बहू-बेटी के लिए हो तो तेज़ वाला निकालूँ. अपनी उमर में तो हल्का चंदन ठीक रहता है."

आत्या पुढे आली. फळीला टेकून उभी राहिली. "मेरे लिए है," ती म्हणाली, एवढ्या मोठ्यानं की शेजारचा टोपीवालाही वळून बघायला लागला.

त्यांनी चंदनाची कुपी काढली, काचेच्या काडीनं एक थेंब घेतला आणि हात मागितला. आत्यानं हात पुढे केला. आईनं खालून कोपराला हळूच आधार दिला. थेंब पडला. आत्यानं मनगट नाकाशी नेलं, डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला. आम्ही दोघींनी आमचे रोखून धरले होते.

तिनं डोळे उघडले, मनगट पदराला पुसलं आणि म्हातारबाबांना म्हणाली, "ये तो कुछ भी नहीं है, भैया. वो तेज़ वाला निकालिए."